ती ठणठणीत आहे, मग रक्तपेढीचं पत्र का आलं?

वाचकाचं पत्र (थोडं कापून):

डॉक्टर, मी मूळचा सांगलीचा, वय ३१. सध्या टेक्सासमध्ये, ऑस्टिनला नोकरी करतो. पत्नी बोलिव्हियाची, कोचाबांबा शहराजवळच्या खेड्यात वाढलेली, वय २८. माझ्या ऑफिसच्या रक्तदान शिबिरात तिनं आयुष्यात पहिल्यांदाच रक्त दिलं. काही आठवड्यांनी रक्तपेढीचं पत्र आलं की चागास नावाच्या आजाराची चाचणी पॉझिटिव्ह आहे, यापुढे रक्त देऊ नका, डॉक्टरांना भेटा. ती अगदी ठणठणीत आहे, रविवारी फुटबॉल खेळते. मागच्या वर्षी विम्यासाठी ईसीजी काढला होता, त्यावर 'राइट बंडल ब्रांच ब्लॉक, लेफ्ट ॲक्सिस डेव्हिएशन' असं छापलं होतं. माझे मामा मिरजेला फिजिशियन आहेत. ते म्हणाले, तरुणांत असं दिसतं, काळजी नको. अलीकडे खेळताना दोनदा तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, पण त्या दिवशी तिनं काही खाल्लं नव्हतं. तिचे वडील ४३व्या वर्षी शेतात कोसळून गेले. घरचे म्हणतात, ऊन लागलं. यंदा आम्हाला मूल हवं होतं. आई फोनवर विचारते, हे लागट आहे का, लग्नाआधी माहीत होतं का, नातवंडांना होईल का, आणि असाच जंतू चंद्रपुरातही सापडला होता म्हणे, ते खरं का? दोनेक वर्षांत आम्ही भारतात परतणार आहोत. काय करू?

उत्तर:

पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही 'पण' लावून संपवून टाकलीत. उपाशीपोटी खेळलं की भोवळ येते, हे खरं. ऑस्टिनच्या उन्हात तर धडधाकट माणसालाही येईल. मात्र जिची चागासची, म्हणजे पुढे हृदय पोखरू शकणाऱ्या एका संसर्गाची, चाचणी पॉझिटिव्ह आली आहे, जिच्या ईसीजीवर आधीच दोन दोष छापलेले आहेत आणि जिचे वडील त्रेचाळिसाव्या वर्षी उभ्याउभ्या कोसळले, तिच्या बाबतीत उपासाचं कारण सगळ्यात शेवटी धरायचं. आधी हृदय तपासायचं. खरं तर खेळताना, पळताना, जिना चढताना कुठल्याही तरुणाला अंधारी आली तर तिचं खापर जेवणावर फोडायची घाई करू नये. खेळ संपल्यावर उभं राहिल्यावर गरगरणं वेगळं, ऐन खेळात अंधारी येणं वेगळं.

म्हणून सदर छापून येण्याची वाट न पाहता तुम्हाला मेल केला होता. इतरांसाठी तेच इथे पुन्हा लिहिते. फुटबॉल आजपासून बंद, जिमही बंद. चालणं, घरकाम, नोकरी चालू. हृदयरोगतज्ज्ञांची वेळ याच आठवड्यातली मागा. फोनवरची बाई दोन महिन्यांनंतरची तारीख देऊ लागली, तर भोवळ, ईसीजी, रक्तपेढीचं पत्र आणि वडिलांचा अकाली मृत्यू या चार गोष्टी एका दमात सांगा. तारीख अलीकडे येते, असा अनुभव आहे. तपासण्या तीन हव्यात: नवा बारा लीडचा ईसीजी, एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि होल्टर, म्हणजे किमान २४ तास अंगावर लावून ठेवायचं यंत्र. त्याआधीच ती बेशुद्ध पडली, छातीतली धडधड थांबेनाशी झाली, बसल्या जागी दम लागला किंवा तोंड वाकडं होऊन बोलणं अडखळलं, तर अपॉइंटमेंटचा विचार नको, थेट ९११ला, म्हणजे तिकडच्या आपत्कालीन नंबरला, फोन.

आता मामा. त्यांच्यावर रागावू नका. माझ्यासमोर मिरजेतच जन्मलेला अठ्ठावीस वर्षांचा मुलगा असता आणि कागदावर फक्त राइट बंडल ब्रांच ब्लॉक असता, तर मीही बहुधा तेच म्हटलं असतं. हृदयाच्या उजव्या कप्प्याकडे वीज नेणाऱ्या वाटेत अडथळा आला की ईसीजीच्या व्ही-वन या पट्टीत एका शिखराऐवजी दोन दिसतात, आणि त्या आकाराची रुंदी कागदावरच्या तीन छोट्या चौकोनांएवढी किंवा जास्त भरते. निरोगी तरुणांतही हे अधूनमधून आढळतं. तेवढंच असेल आणि एको चांगला असेल, तर आम्ही 'जा, मजा करा' म्हणून घरी पाठवतो. पण तुमच्या कागदावर स्वल्पविरामानंतरही काही छापलंय. लेफ्ट ॲक्सिस डेव्हिएशन. डाव्या कप्प्याकडे जाणाऱ्या वाटेला दोन फांद्या असतात, त्यातली पुढची फांदीही अडली असावी, असा त्याचा अर्थ निघू शकतो. उजवी वाट आणि डावीची पुढची फांदी एकदम अडणं, ही जोडी दक्षिण अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या चांगली ओळखीची आहे. बोलिव्हियात किंवा ब्राझीलमध्ये पन्नाशीच्या आतल्या माणसाच्या ईसीजीवर ती दिसली, की पुढचा प्रश्न हृदयाबद्दल नसतोच. लहानपणी घर कसलं होतं, भिंती मातीच्या होत्या का, असं ते विचारतात.

हे ऐकायला विचित्र वाटेल, पण आपणही असाच एक प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारत आलो आहोत. ज्या सरकारी रुग्णालयात मी शिकले, तिथे विशीतली बाई दम लागतो म्हणून आली की सर आधी विचारायला लावायचे, 'लहानपणी सांधे सुजले होते का? ताप येऊन शाळा बुडाली होती का?' घशाचा जंतुसंसर्ग, त्यातून संधिवाताचा ताप, त्यातून हृदयाची झडप आकसणं, आणि हे सगळं बाहेर पडायचं ते पहिल्या बाळंतपणात, पोट सातव्या महिन्याचं असताना. एका खोलीत आठ माणसं झोपणाऱ्या घरांतला तो आजार. दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं दुखरं इंजेक्शन घ्यायला येणारी पोरं तुमच्या मामांनीही ढिगानं पाहिली असतील. बालपणी गरिबीच्या घरात शिरलेला संसर्ग तरुणपणी हृदयात उगवतो, हे आपल्या डॉक्टरांना कुणी शिकवावं लागत नाही. फक्त तिकडचा संसर्ग, म्हणजे चागास, वेगळा आहे आणि तो आपल्या अभ्यासक्रमात एका परिच्छेदात उरकला जातो.

तिकडे हे काम एक कीटक करतो. पत्नीला 'विंचुका' म्हणजे काय ते विचारा, ती चटकन सांगेल. आपल्या ढेकणाचा लांबचा नातेवाईक म्हणता येईल, पण आकारानं बराच मोठा, दोन-तीन सेंटिमीटर लांब, चपटा, कडेला पट्टे असलेला. दिवसा मातीच्या भिंतीच्या भेगांत किंवा छपराच्या गवतात दडून बसतो, रात्री उतरून झोपलेल्या माणसाच्या उघड्या अंगाला, बऱ्याचदा चेहऱ्याला चावतो. चावा दुखत नाही. रक्त पिता पिता तो तिथेच विष्ठा टाकतो, आणि चागासचा जंतू, म्हणजे दुसऱ्याच्या शरीरात राहून जगणारा सूक्ष्म परोपजीवी, असतो तो त्या विष्ठेत. झोपेत माणूस खाजवतो, बोट डोळ्याला लागतं, आणि जंतू आत जातो. थोडे दिवस ताप, कधी एका डोळ्याची पापणी टम्म सुजते, आणि बहुतेकांना तेवढंही होत नाही. मग वर्षानुवर्षं सगळं शांत. (आपल्या गादीतल्या ढेकणानं हा रोग पसरत नाही. आईंना हे आधी सांगा, नाहीतर सांगलीच्या घरात औषध फवारून होईल.)

१९०९ मध्ये ब्राझीलच्या मिनास जेराइस प्रांतात, लासांस नावाच्या गावी, रेल्वेमजुरांमधला मलेरिया आटोक्यात आणायला गेलेल्या कार्लोस चागास या तरुण डॉक्टरानं हा परोपजीवी, तो वाहणारा कीटक आणि त्यातून होणारा आजार, तिन्ही गोष्टी शोधल्या. एकाच माणसानं एवढं सगळं शोधण्याची उदाहरणं वैद्यकात फार नाहीत. परोपजीवीला त्यानं आपले गुरू ओस्वाल्दो क्रूझ यांचं नाव दिलं, ट्रिपॅनोसोमा क्रूझी. त्याची पहिली रुग्ण होती बेरेनिस नावाची दोन वर्षांची मुलगी. तिची गोष्ट मी मुद्दाम सांगते आहे. ती सत्तरी ओलांडून जगली. संसर्ग तिच्या शरीरात शेवटपर्यंत होता आणि हृदय मात्र धड होतं.

तेव्हा 'पॉझिटिव्ह' म्हणजे हृदय गेलं, असं समजू नका. जगात ७० लाखांहून जास्त लोकांना हा संसर्ग असावा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यातल्या बहुतेकांना आपल्याला काही आहे याचा पत्ताच नाही. साधारण २० ते ३० टक्के लोकांच्या हृदयावर परिणाम होतो, तोही संसर्गानंतर दहा, वीस, तीस वर्षांनी. काहींची अन्ननलिका किंवा मोठं आतडं फुगतं, घास गिळताना अडकतो, शौचाला आठवडाभर होत नाही. उरलेले सुखानं म्हातारे होतात. गोम अशी, की कोण कुठल्या गटात जाणार हे आधी सांगता येत नाही, आणि आतून झीज चालू असताना बाहेरून माणूस ठणठणीतच दिसतो. वाळवी लागलेल्या दाराच्या चौकटीवरचा रंग शेवटपर्यंत शाबूत असतो, तसं. जंतू हृदयाच्या स्नायूत ठाण मांडतो, आजूबाजूला मंद दाह चालू राहतो, निरोगी स्नायूच्या जागी व्रणासारखी ऊती येते. तिनं विजेची वाट अडवली की ठोके चुकतात किंवा फार मंदावतात, हृदयाच्या टोकाशी भिंत पातळ झाली की तिथे फुगा येतो, फुग्यात रक्ताची गुठळी धरते आणि ती मेंदूत गेली की तरुण माणसाला पक्षाघात होतो. आणि कधीकधी आधी काहीच न होता माणूस शेतात कोसळतो. तुमच्या सासऱ्यांना हेच झालं होतं, असं मी म्हणणार नाही. शवविच्छेदन झालं नसेल तर ते आता कुणीच सांगू शकणार नाही. पण 'ऊन लागलं' हे उत्तर मी तरी मान्य करून पुढे जाणार नाही.

आता रक्ताच्या चाचणीचं. अमेरिकेत २००७ पासून रक्तपेढ्या ही चाचणी करू लागल्या. रक्तपेढीची चाचणी ही चाळणी आहे, आणि चाळणी मुद्दाम बारीक ठेवलेली असते. आजार नसलेलेही तिच्यात अडकतात. पक्कं निदान व्हायला दोन वेगवेगळ्या पद्धतींच्या अँटिबॉडी चाचण्या, म्हणजे जंतूविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रथिनं शोधणाऱ्या चाचण्या, पॉझिटिव्ह याव्या लागतात, दोन्ही जुळल्या नाहीत तर तिसरी करतात. एखादा डॉक्टर थेट पीसीआर, म्हणजे रक्तात खुद्द जंतूचा अंश शोधणारी चाचणी, करून 'निगेटिव्ह आहे, सुटलात' म्हणाला तर सुटलात असं समजू नका. जुन्या संसर्गात रक्तात जंतू इतके थोडे असतात की पीसीआरला ते दिसतीलच असं नाही. तुमच्या डॉक्टरनं आयुष्यात हा आजार पाहिला नसेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. अमेरिकेच्या सीडीसीकडून, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेकडून, डॉक्टरांना याबाबत थेट सल्ला मिळतो, पक्क्या निदानाच्या चाचणीचीही सोय होते. तेवढं त्यांना सुचवा. हृदयरोगतज्ज्ञाच्या जोडीला संसर्गजन्य आजारांचा तज्ज्ञही लागेल. चाचणीच्या निकालासाठी एको थांबवू नका, दोन्ही बरोबरीनं चालू द्या.

निदान पक्कं झालं तर औषध आहे. बेन्झनिडाझोल, ६० दिवस, दिवसातून दोनदा. दुसरं निफुर्टिमॉक्स. अमेरिकेत बेन्झनिडाझोलला २०१७ मध्ये औपचारिक मंजुरी मिळाली ती २ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी, पण तज्ज्ञ मोठ्यांनाही देतात. तेव्हा चिठ्ठीवर 'लहान मुलांचं औषध' बघून दचकू नका. औषध सौम्य मात्र नाही. घेणाऱ्या मोठ्या माणसांपैकी ४० टक्क्यांपर्यंत लोकांना काही ना काही त्रास होतो. सुरुवातीच्या आठवड्यांत अंगावर खाजरे चट्टे उठतात, शेवटी शेवटी हातापायांना मुंग्या येतात, क्वचित रक्तातल्या पेशी कमी होतात. म्हणून मधूनमधून रक्त आणि यकृत तपासावं लागतं. दारू पूर्ण बंद. चट्टे उठले की गोळ्या आपणहून सोडू नका, डॉक्टरांना फोन करा. बऱ्याच वेळा ॲलर्जीच्या साध्या गोळीवर निभावतं.

हे औषध मोठ्या माणसाचा आजार हमखास मुळासकट काढतं, असं म्हणायला पुरावा नाही. संपल्यावर अँटिबॉडी चाचणी निगेटिव्ह होईल अशीही आशा धरू नका, ती वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहू शकते आणि तेवढ्यानं औषध फुकट गेलं असं ठरत नाही. २०१५ मध्ये एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. ज्यांचं हृदय आधीच आजारी पडलं होतं अशा अडीच हजारांहून जास्त रुग्णांना बेन्झनिडाझोल किंवा नुसती साखरेची गोळी देऊन पाच वर्षांच्या आसपास पाहिलं. औषध घेतलेल्यांच्या रक्तातले जंतू कमी झाले, पण हृदयाचा आजार पुढे सरकायचा तो सरकलाच. त्यामुळे आजार फार पुढे गेला असेल तर आम्ही या औषधाचा आग्रह धरत नाही, आणि हृदय चांगलं किंवा थोडंच बिघडलेलं असताना, वय पन्नाशीच्या आत असताना, लवकर द्यावं असं म्हणतो. तुमची पत्नी कुठे बसते ते एको सांगेल. हृदय बिघडलेलं निघालंच तर इतर हृदयविकारांत वापरतो तीच साधनं इथेही आहेत. गोळ्या आहेत, ठोके मंदावले तर पेसमेकर आहे, घातक ठोके येत असतील तर शॉक देणारं छोटं यंत्र कातडीखाली बसवता येतं. फार बिघडलं तर हृदयप्रत्यारोपणही करतात. लॅटिन अमेरिकेतले कितीतरी लोक पेसमेकर लावून संसार करताहेत.

मुलाबद्दल तुम्ही एका ओळीत विचारलंत. माझ्या मते औषध आत्ता घेण्याचं सगळ्यात जोरदार कारण तेच आहे. संसर्ग असलेल्या आईकडून बाळाला तो पोटातच जाऊ शकतो. शेकड्यात एखाद्यापासून दहाएक बाळांपर्यंत, जागेनुसार प्रमाण बदलतं. आईनं गरोदर राहण्याआधी औषध पूर्ण केलं असेल तर ही शक्यता खूपच खाली येते. गरोदरपणात मात्र ही गोळी देत नाहीत. म्हणजे क्रम असा लागतो: हृदय तपासणं, निदान पक्कं करणं, औषध, मग बाळ. औषधाच्या काळात गर्भनिरोधन कडक हवं, आणि गोळ्या संपल्यावर किती थांबायचं ते तिथले डॉक्टर ठरवतील. वर्षानुवर्षं लांबवायचं नाहीये, काही महिन्यांचा प्रश्न आहे. एकोचा निकाल आधी हवा याचं आणखी एक कारण म्हणजे गरोदरपणात हृदयाला एरवीपेक्षा जवळपास दीडपट रक्त ढकलावं लागतं. अशक्त हृदयाला ते झेपत नाही. झडपेच्या आजारानं पहिल्या बाळंतपणात गेलेल्या मुली आम्ही पाहिल्या आहेत, म्हणून हे पुन्हा पुन्हा लिहिते.

समजा हे कळायच्या आत दिवस गेलेच, तरी आकाश कोसळत नाही. बाळ जन्मल्याबरोबर आणि नंतर महिना-दीड महिन्यानं त्याचं रक्त तपासतात, आणि आईच्या अँटिबॉडी उतरून गेल्यावर, नऊ महिन्यांपुढे, पुन्हा. पहिल्या वर्षात औषध मिळालं तर दहातली नऊहून जास्त बाळं पूर्ण बरी होतात, आणि औषध बाळांना मोठ्यांपेक्षा चांगलं सोसतं. अंगावर पाजायला हरकत नाही, फक्त स्तनाग्राला चीर पडून रक्त येत असेल तेवढे दिवस थांबायचं.

आणि हो, पत्रात एक गोष्ट विचारलेलीच नाहीत. तिची आई, भावंडं? विंचुका एका माणसाला निवडून चावत नाही, एका छपराखालचे सगळे तिच्या वाटेत असतात. शिवाय पत्नीला हा संसर्ग भिंतीतून मिळाला की आईच्या पोटातून, हे तुम्हाला कळायचा मार्ग नाही. तेव्हा सासूबाई आणि सगळी भावंडं यांची चाचणी व्हायला हवी, लग्न झालेल्या बहिणीला मुलं असतील तर तिची आधी. बोलिव्हियात हा आजार घरोघरचा आहे, तिथे चाचणी आणि औषध दोन्हीची व्यवस्था आहे. हा फोन अवघड जाईल, कारण वडिलांचा मृत्यू पुन्हा उकरला जाईल. तो फोन तुम्ही करू नका. तिला करू द्या, तुम्ही शेजारी बसा.

इथेच तुमच्या आईंच्या प्रश्नांकडे येते. पत्रात त्यांचे चार प्रश्न आहेत, तुमचे दोन-तीन, तिचा एकही नाही. आईंना काय सांगायचं हे ठरवण्याआधी तिला विचारा की काय सांगितलेलं तिला चालेल. आजार तिचा आहे. ती हो म्हणाली तर आईंना सरळ सांगा: एका ताटात जेवून, मिठी मारून, खोकल्यातून, एका अंथरुणात झोपून हा पसरत नाही. लग्नाआधी माहीत होतं का, या प्रश्नाला उत्तर 'नाही, तिलाही नाही', एवढंच. त्यापुढे सफाई देत बसू नका. मातीच्या भिंतींचं घर ही कुणी लपवून ठेवलेली खोड नव्हे. आपल्या आजोळच्या भिंतीही शेणामातीनंच सारवलेल्या होत्या, फरक एवढाच की त्यांत विंचुका नव्हती.

चंद्रपूरचं खरं आहे, पण वेगळं आहे. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी सापडला. त्याच कुळातला, पण दुसऱ्या जातीचा. गुराढोरांना, घोड्यांना, उंटांना होणाऱ्या सर्रा रोगाचा तो जंतू, आणि चावऱ्या माशा तो एका जनावरातून दुसऱ्यात नेतात. माणसाच्या रक्तात एक प्रथिन असतं, ते या जंतूला मारतं. त्या शेतकऱ्याच्या रक्तात जन्मतःच ते काम करत नव्हतं, म्हणून एवढं अजब घडलं. औषधानं तो बरा झाला. त्याचा हृदयाशी किंवा चागासशी काही संबंध नाही. आईंनी वाचलं ते बरोबर वाचलं, जोडलं मात्र चुकीच्या जागी.

भारतात परतायला काही अडचण नाही. विंचुकेच्या कुळातले काही कीटक आपल्याकडेही आहेत, पण माणसात चागास पसरण्याची साखळी इथे नाही, आणि तुमच्या पत्नीमुळे ती सुरू होणार नाही. दोन गोष्टी सांभाळा. औषधाचा कोर्स तिथेच पुरा करा, कारण अनुभवी डॉक्टर, चाचण्या आणि गोळ्या तिथे हाताशी आहेत, इथे येऊन शोधाशोध करण्यात वेळ जाईल. आणि तिनं इथे कधीही रक्तदान किंवा अवयवदान करायचं नाही. आपल्या रक्तपेढ्या एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग आणि मलेरिया तपासतात, चागास तपासत नाहीत. गणपतीत मंडळाचं शिबिर असतं, नव्या सूनबाईंना आग्रह होतो, त्या वेळी हसून नाही म्हणायची तयारी ठेवा. पुढे कधी तिला स्टेरॉइडचा मोठा डोस, कॅन्सरचं औषध किंवा प्रतिकारशक्ती दाबणारं काहीही द्यायची वेळ आली, तर त्या डॉक्टरला हा इतिहास आधी सांगा, कारण दबलेला संसर्ग अशा वेळी उसळतो. हृदय आत्ता चांगलं निघालं तरी दरवर्षी एक ईसीजी. तो सांगलीतही निघतो आणि मामांना आता तो कसा वाचायचा हे माहीत झालंय.

ऑस्टिनमधल्या किड्यांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. टेक्सासमध्ये याच कुळातला 'किसिंग बग' आहे आणि पकडलेल्या किड्यांपैकी निम्म्याहून अधिकांत हा परोपजीवी सापडल्याचे अभ्यास आहेत. तरी तिथल्या घरात बसून माणसाला संसर्ग होणं क्वचितच, कारण घरं बंदिस्त आहेत आणि तिथल्या जाती चावल्याबरोबर विष्ठा टाकत नाहीत. कुत्र्यांना मात्र होतो, ते किडे खातात. खिडक्यांच्या जाळ्या धड ठेवा, सरपणाचा ढीग भिंतीला लावून रचू नका, कुत्रा असेल तर रात्री घरात घ्या. किडा दिसला तर हातानं चिरडू नका, हातमोजा घालून डबीत धरा. तुम्ही स्वतः सांगलीत वाढलात, तुमची चाचणी करायचं मला काही कारण दिसत नाही.

होल्टर लावतील त्या दिवशी तिनं पलंगावर पडून राहू नये. रोजचं चालणं, जिना, ऑफिस सगळं करावं, फक्त आंघोळीचं आधी विचारून घ्यावं. जवळ वही ठेवावी आणि गरगरलं, धडधडलं, की घड्याळातली वेळ लिहावी. त्या मिनिटाची पट्टी डॉक्टर आधी बघतात. रिपोर्ट आले की मलाही पाठवा. ईसीजी मोबाइलवर फोटो काढून नको, स्कॅन करून पाठवा. फोटोत छोटे चौकोन पुसट होतात आणि मला ते मोजायचे आहेत.